पुढे झुकलेली अक्षरं

फ्लुरिन कामेनिशने झुरिकच्या एका छापखान्यासाठी जाड, तिरक्या वळणाच्या अक्षरांचा टाइप आखला होता. टोकांना फाटे नाहीत. नुसते ठाम दांडे, पुढे झुकलेले. सरळ अक्षर ढकललं की तिरकं होत नाही, तो म्हणायचा, ते पडायला आल्यासारखं दिसतं. म्हणून प्रत्येक गोलाई त्याने हाताने नव्याने काढली.

१९६४च्या हिवाळ्यात ती अक्षरं आमच्या खोऱ्यात सगळीकडे होती. स्कीच्या मेणाच्या डब्यांवर, रोपवेच्या तिकिटांवर, शर्यतींच्या लाल फलकांवर. नजर पडली की पाय आपोआप वेग घ्यायचे.

मग गावाने त्याला धोक्याचे फलक रंगवायला सांगितले. लांबून दिसावेत, एवढीच अट. त्याने तीच अक्षरं घेतली, लाल रंगात. 'थांबा. बर्फ कोसळेल.'

पहिला फलक वरच्या उतारावर लागला त्या सकाळी मी आणि फ्लुरिन गावातल्या सराईत जवाचं सूप पीत होतो. बेकरीवाला तुमाश बूट आपटत आत आला.

"काय फ्लुरिन, शर्यत वरच्या उतारावर नेलीत? नवी जाहिरात झकास आहे!"

"काय लिहिलंय तिच्यावर?"

"वाचतंय कोण? तुझी अक्षरं मैलावरून कळतात."

फ्लुरिन उभा राहिला. "तू तिथून उतरलास?"

"छे, मी जंगलाच्या वाटेने आलो. तुझी भाची गेली तिकडे. माद्लाइना. सुसाट."

आम्ही उताराच्या पायथ्याशी पळालो. गस्तीवाल्या ज्यॉनने आम्हाला अडवलं. वर जायचं नाही, ओरडायचंही नाही. वर बर्फ शांत होता. फ्लुरिन ओठ हलवत होता. प्रार्थना असेल असं मला वाटलं. मग ऐकू आलं. "सरळ काढायला हवी होती. सरळ."

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही.

देवदारांतून एक निळी टोपी बाहेर आली.

फ्लुरिनने तिचे दोन्ही हात धरले. "फलक वाचला नाहीस?"

"बघितला की, मामा. तुझाच ना? मला वाटलं रविवारच्या शर्यतीचा. म्हणून तर तिकडून आले." ती हसत होती. "हात सोड ना, दुखतायत."

त्याने सोडले नाहीत. ज्यॉन उताराकडे बघत म्हणाला, "वर बर्फ अजून लटकलेलाच आहे. आणि रोपवे आत्ता माणसं घेऊन वर गेला."

"फलक पुन्हा रंगव," मी म्हणालो.

"या थंडीत रंग धरत नाही."

रोपवेच्या पुढच्या पाळण्यात बसून फ्लुरिन वर गेला. मीही गेलो. त्याने फलक उपटून बर्फात पालथा टाकला आणि त्याच जागी हात पसरून उभा राहिला.

पहिला स्कीवाला जवळ येऊन हसला. "काय कामेनिश, आता स्वतःचीच जाहिरात?"

"मागे फिर," फ्लुरिन म्हणाला.