आतोबांचा बेवड

जगात जे काही बिघडतं ते आधीच्या पिकामुळे बिघडतं, अशी आमच्या कुंभारीच्या आतोबांची ठाम समजूत होती. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आधीचं पीक जमिनीत जो गुण-अवगुण ठेवून जातं, त्याला शेतकरी बेवड म्हणतात. इतरांनी हा शब्द बांधाच्या आत ठेवला. आतोबांनी तो पंगतीत आणि सोयरिकीतही आणला. काल तुरीची आमटी झाली असेल, तर आज ताट सरकवून म्हणत, "तुरीवर तूर? पोट हाय का माळरान?" माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा मुलीचं नावही न विचारता यांनी, "आजी कजाग हुती का? बेवड कळाया पायजे की," असं विचारलं. आम्ही चहा न घेताच परतलो. लेंडीखतासाठी शेतात मेंढरं बसवणाऱ्या धनगराला मात्र ते जावयासारखं जेवू घालत.

एकदा मी शहरातल्या भवानी पेठेतून विलायती खताची पिशवी मोठ्या ऐटीत नेली. आतोबांनी ते हुंगलं आणि शेताला न लावता परसातल्या वांग्यांना ओंजळीओंजळीने घातलं. झाडं छातीला लागली, पानं सुपाएवढी झाली, पण वांगं एक धरेना. "शेरातलं खत हाय," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "नुसती ऐट."

त्यांचा जीव तागावर. विहिरीजवळच्या तुकड्यात मृगात ताग पेरायचा, पिवळ्या फुलांवर आला की नांगरून गाडायचा आणि तो कुजला की वर रब्बीची ज्वारी घ्यायची. घरची वर्षाची भाकरी त्याच तुकड्यावर होती. दरसाल फुलं आली की आत्या म्हणायची, "चार दिस ऱ्हाऊ द्या की. किती ग्वाड दिसतंय!"

"ताग निबार झाला की कुजत न्हाय," म्हणून आतोबा औत जुंपत. या गाडणीपायी त्यांनी सख्ख्या पुतणीचं बारसं चुकवलं होतं. आत्या भाजीपुरती फुलं पदरात खुडून घेई आणि घरी येई.

एका साली ऐन फुलांच्या वेळी आत्या लेकीच्या बाळंतपणाला मोहोळला गेली. मी कुंभारीला पोचलो, तर बैल दावणीला आणि आतोबा बांधावर. "ताग गाडायचा नाही का?" मी विचारलं.

"ती आल्याबिगर कसा? ईल की."

पण लेक आजारी पडली आणि आत्याचा मुक्काम लांबला. फुलं झडली, शेंगा धरल्या. शेजारपाजारचे समजवायला आले की आतोबा त्यांच्या अंगावर खेकसत. आत्या परतली तेव्हा वाळल्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत होत्या.

"येड लागलं का तुमाला? वर्साची भाकरी की ती!"

"दरसाली तूच म्हनतीस, ऱ्हाऊ द्या," आतोबा पुटपुटले.

आज दोघंही नाहीत. त्या तुकड्यात आता विलायती खत पडतं आणि ज्वारी बरी येते. पण मला अजून आठवतो तो त्या साली निबर ताग काढून उशिरा पेरलेल्या ज्वारीचा हुरडा. कणसं इतकी बारीक, की आगटीत शोधावी लागत. शेजाऱ्याने मुद्दाम खवचटपणे विचारलं, "काय वो, औंदा बेवड कशाचा हुता?"

आत्या खाली मान घालून कणीस चोळत होती. आतोबांनी तिच्याकडे एकवार पाहिलं.

"बेवड लई चांगला हुता," ते म्हणाले.

आत्याने हातातला हुरडा त्यांच्या तळहातावर ओतला.