बाबांची पापणी

बाबांची पापणी लवत नसे. रेवदंड्याच्या धक्क्यावर कस्टमचे शिपाई म्हणून त्यांनी सगळी नोकरी त्या नजरेवर काढली. होडी लागली की हे नुसते बघत बसायचे. जाळ्याखाली चोरटा माल लपवणारा माणूस थोड्या वेळाने घाम पुसत आपणच कबुली द्यायचा. घरात आम्ही भावंडं तर न चोरलेला गूळही कबूल करायचो.

गेल्या नोव्हेंबरात ही नजर आमच्याच मुळावर आली. पेन्शन चालू ठेवायची तर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आईबाबांचं घर त्या पेन्शनवरच चालतं. गुडघ्यांमुळे बाबांचं अलिबागला जाणं बंद झालेलं, म्हणून मी मोबाइलवर ॲप घेतलं. कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायचा, डोळ्यांची उघडझाप करायची, की माणूस जिवंत असल्याचं सरकारला पटतं. मुदत त्याच दिवशी संपत होती.

"पापणी लववा, बाबा."

"लवली."

कुठली लवतेय! मोबाइलच्या पोटात सोन्याची बिस्किटं असावीत तसे ते त्याच्याकडे रोखून बघत होते. ॲप सारखं नकार देत होतं. मी टाळी वाजवली, फुंकर मारली, शेवटी वैतागून नाकासमोर कांदा चिरला. बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पापणी तशीच. आता मलाच रडू यायला लागलं.

"मी जिता हाय का न्हाय, ते या डबीला कशाला सांगू?" असं म्हणून बाबा उठायला लागले.

आई पडवीत सुपारी सोलत बसली होती. जन्मभर बाबांपुढे खाली मान घालून वावरलेली बाई. तिने मला खुणेनेच मोबाइल धरायला सांगितलं आणि हात न थांबवता म्हणाली, "आवो, माझी ती निळी जपानी साडी हाय ना, ती भावानं न्हाय दिली. तुम्ही धक्क्यावर पहाऱ्याला होतात, तवाच होडीतनं चोरून उतरली. महिनाभर तुमच्याच खाटेखाली होती."

पापणी लवली. एकदा नाही, चांगली तीनदा. मोबाइलवर हिरवी खूण आली. मी "झालं!" म्हणून ओरडले, पण माझ्याकडे बघतंय कोण!

बाबा आईकडे बघत होते आणि पहिल्यांदाच आईने मान खाली घातली नव्हती. तीच साडी नेसून ती माझ्या लग्नात बाबांच्या साहेबांपुढे मिरवली होती.

"आणखी काय काय हाय?" बाबांनी धक्क्यावरच्या आवाजात विचारलं.

"हाय की," आई म्हणाली. "पण ते पुढच्या नोव्हेंबरला लागंल."