दोन मीटर खालची शंका

आमच्या सरांना संस्थेत सगळे 'संशयात्मा' म्हणायचे, अर्थात पाठीमागे. मी त्यांच्या हाताखाली, आमची दोघांची टेबलं एकाच खोलीत. मी आत आले की त्यांचा संगणक भिंतीकडे वळायचा. मला भयंकर राग यायचा. मी काय चोर आहे? त्यांच्या बायकोने एकदा हसत सांगितलं, "अगं, लग्न ठरताना माझं वय यांनी माझ्या मामाला वेगळं आणि आत्याला वेगळं विचारलं होतं!"

मुळातच खोड, त्यात तरुणपणी तोंड पोळलं. मंगळावरून येऊन पडलेल्या एका दगडात त्यांना जीवसृष्टीची खूण सापडली, त्यांनी ती जाहीर केली आणि खूण निघाली त्यांच्याच हातमोज्यांची. तेव्हापासून ताकही फुंकून प्यायचे. मंगळाची वरची माती किरणांनी भाजून निघालेली, तिथे काय सापडणार? दोन मीटर खाली छिद्र पाडा, आणि सापडेल ते आपल्याच यंत्रावरून गेलेलं नाही ना हे आधी तपासा, असा त्यांचा धोशा. कसं तपासायचं, ते मात्र कुणाला सांगतील तर शपथ.

यंदा पुढच्या मोहिमांची वैज्ञानिक उद्दिष्टं ठरवायला समिती बसली. सरांचं उद्दिष्ट शेवटच्या चारांत पोचलं होतं आणि घ्यायची होती तीनच. अध्यक्षबाई सरांकडे बघून हसल्या, तर सर माझ्या कानाशी कुजबुजले, "हसताहेत म्हणजे आधीच ठरलंय सगळं." माझ्याही मनात पाल चुकचुकली. सर शेजारी असले की ती चुकचुकतेच.

बाईंनी एकच प्रश्न विचारला. "यान उतरेपर्यंत वीस वर्षं तरी जातील. तेव्हा हे काम कोण करणार? माणूस सांगा, नाहीतर हे उद्दिष्ट आम्हाला सोडावं लागेल."

ज्याच्यावर सरांनी कधी संशय घेतला नाही असा एकही माणूस त्या खोलीत नव्हता. ते एकेकाकडे बघत गेले आणि दर वेळी नजर पुढे सरकली. मला त्यांची कीव आली. उभ्या आयुष्याचं काम, आणि सोपवायला कुणी नाही.

शेवटी त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही. हिने माझं एकही उत्तर तपासल्याशिवाय घेतलेलं नाही."

मला आनंद व्हायला हवा होता. पण पहिला विचार आला तो हाच, की यात यांचा डाव काय? तोंडातूनही तसंच निघालं, "मी तयार आहे सर. पण तुमचं आजवरचं सगळं काम मी नव्याने तपासून बघणार."

कुणीतरी घसा खाकरला. सर मात्र खुर्चीत मागे टेकले. इतकं निवांत बसलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

"उद्यापासूनच सुरू कर," ते म्हणाले. "मी आहे तोवर चुका सापडू देत."