मेश्रामबाईंचं चांगआन

लग्न होऊन मी भिलाईला आले, त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या क्वार्टरमधल्या मेश्रामबाईंना बाजाराचा रस्ता विचारला. त्या म्हणाल्या, "सरळ जा, मग डावीकडे. इथं हरवाले जागाच नाही. चांगआनसारखं आहे आपलं भिलाई." मला वाटलं, चांगआन हे दुर्गकडचं एखादं गाव असेल.

ते निघालं चीनमधलं, आजचं शिआन. बाई शाळेत इतिहास शिकवत आणि ही जुनी राजधानी त्यांच्या रोजच्या बोलण्यात असे. सरळसोट रस्ते, आपल्या सेक्टरांसारखे चौकोनी मोहल्ले, प्रत्येकाला भिंत. संध्याकाळी नगारे वाजले की मोहल्ल्यांचे दरवाजे बंद. प्लांटचा भोंगा झाला की बाई हातातलं काम ठेवून म्हणत, "चला, नगारे वाजले." आपल्या इकडच्या सिरपूरला येऊन गेला म्हणतात तो चिनी भिक्खू परतला चांगआनलाच, आणि त्यानं इथून नेलेल्या ग्रंथांसाठी तिथं मनोरा बांधला. तो अजून उभा आहे, हे सांगताना त्यांचा आवाज हळू होई.

एका वर्षी बुद्धपौर्णिमेला विहारात चांगआनची चित्रं दाखवून बोलायचं त्यांनी ठरवलं. फळ्यावर सूचना लागली आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या भोयरकाकू फाटकाशी आल्या. त्यांचा थोरला मुलगा दिनू बासष्टच्या चीनशी झालेल्या लढाईत गेला होता. त्याचं शवही घरी आलं नव्हतं.

"बाई, तुमाले सांगाले दुसरं गाव नाही भेटलं? माझा दिनू त्याइनंच नेला."

बारा-तेराशे वर्षांपूर्वीच्या शहराचा त्या लढाईशी काय संबंध, हे बाईंना सहज सांगता आलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "नाही बोलत, काकू."

विहारातली मंडळी चिडली. "काहून घाबरता, बाई?"

"घाबरून नाही राहिले. रोज तिच्या दारावरून जाते मी. तिले रडवून कसली पौर्णिमा करू?"

कार्यक्रम दुसऱ्याच विषयावर झाला. त्यानंतर बाईंनी चांगआनचं नावच टाकलं. भोंगा झाला तरी त्या हातातलं काम करत राहायच्या. माझ्यासमोरही.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी आम्ही दोघी त्यांच्या व्हरांड्यात गहू निवडत होतो. भोयरकाकू आल्या, पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "त्या गावात असं आहे तरी काय? दाखवा मले."

बाईंनी त्यांचं मोठं चित्रांचं पुस्तक आणलं. मनोरा, घंटाघर, डोंगरापायथ्याची गरम पाण्याची कुंडं, डाळिंबांच्या बागा. काकू नुसत्या पाहत होत्या. मग मातीचे सैनिक आले. तिथल्या शेतकऱ्यांना काही वर्षांपूर्वीच विहीर खणताना सापडलेले, पुरुषभर उंचीचे, रांगांच्या रांगा.

"सगळे एकाच साच्यातले?" काकूंनी विचारलं.

"नाही. एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही."

काकूंनी पुस्तक मांडीवर ओढून घेतलं. एका चेहऱ्याशी त्यांचं बोट थांबलं. "हा तर पोरगाच आहे," त्या म्हणाल्या. बाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. उठताना काकू म्हणाल्या, "पुढल्या पौर्णिमेले सांगा. मी समोर बसते."

आणि बसल्या. विहारात पाऊल टाकायची त्यांची ती पहिलीच वेळ. बाई रंगात आल्या असताना काकूंनी मधेच विचारलं, "आता कोण राहते तिथं?"

"आपल्यासारखीच माणसं, काकू. दिवसभर कारखान्यात खपतात, संध्याकाळी जुन्या तटाखाली गप्पा मारत बसतात."

काकूंनी मान हलवली. बाई पुढं सांगू लागल्या.

रिटायर झाल्यावर बाई नागपूरला गेल्या आणि तिथंच वारल्या. चीन तर दूरच, त्यांनी पासपोर्टही काढला नव्हता. बातमी सांगायला मी काकूंकडे गेले. त्या खूप थकल्या होत्या. ऐकून घेतलं आणि विचारलं, "गेली होती का बाई कधी त्या गावाले?"

"नाही, काकू."

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"मले तर नेऊन आणलं तिनं," म्हणाल्या.