आडामचा चाप

आडाम हेकेंडॉर्नच्या हातच्या लांब बंदुका साऱ्या पेन्सिल्व्हेनियात नावाजलेल्या. पण चकमकीचा चाप, म्हणजे गारगोटीची ठिणगी पाडून बंदुकीची दारू पेटवणारा भाग, निवडायची वेळ आली की त्याचं भान सुटायचं. चाप खिशात घालून, खटाखट घोडा पाडत तो गावभर हिंडायचा.

एका रविवारी चर्चमध्ये उपदेश चालू असताना त्याने नवा चाप खिशातून काढून हळूच ओढला. ठिणग्यांचा सडा पुढच्या बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोच्या, अपोलोनियाच्या गवती टोपीवर पडला. टोपी धुमसू लागली.

"अहो, मी पेटले!"

"पहिल्याच ठोक्याला, लोनी!" आडामचे डोळे भरून आले.

पाळकांनी धावत येऊन बाप्तिस्म्याचं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. मग वाकून आडामच्या कानात म्हणाले, "मलाही असाच एक बघ रे."

तेव्हापासून अपोलोनिया नवऱ्याच्या मागच्या बाकावर बसू लागली.