घाट उतरणाऱ्या सिस्टर

खरात सिस्टर सायकलवर बसण्याआधी तिची मान तपासायच्या. पुढचा ब्रेक दाबून धरायचा, हँडल पुढे-मागे ढकलायचं आणि कान खाली नेऊन ऐकायचं. कुठे खुट्ट वाजलं, तर त्या दिवशी सायकल घरात आणि सिस्टर पायी. पडेगावच्या आमच्या कॉलनीत राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी मी हा प्रकार पाहिला. साठी उलटलेली बाई, पंजाबी ड्रेस, कमरेला घट्ट बांधलेली ओढणी आणि समोर काळीकुळकुळीत पुरुषी सायकल. मला राहवलं नाही. "काय झालंय तिला?" असं मी विचारलं.

"काय नाय. मान ढिली हाय का बघू राहिले. मान ढिली असली की उतारावर डोकं फिरतं हिचं." एवढं बोलून त्यांनी टांग मारली आणि दूध आणायला निघून गेल्या. आमच्या कॉलनीत उतार म्हणाल तर दूध डेअरीपाशी आहे, आणि तोही मांजराने आळस द्यावा इतपतच.

पुढे ओळख वाढली तशी त्या उताराची गोष्ट कळली. सिस्टर सोयगाव तालुक्यात नर्स होत्या. डोंगरावरच्या वस्त्यांवर पोरांना लस द्यायला जायच्या. चढताना सायकल ढकलत न्यायची, संध्याकाळी तिच्यावर बसून उतरायचं. मागच्या कॅरियरवर लसींचा बर्फाचा डबा. तेव्हा त्यांच्याकडे बायकांची सायकल होती, बिनदांडीची. एकदा मेंढपाळाच्या वस्तीवरच्या एका म्हातारीने नातवाला लस टोचल्याच्या आनंदात डब्यावर हा एवढा लाल भोपळा बांधून दिला. अर्ध्या घाटात सायकल थरथरायला लागली. आधी हँडल, मग सगळी सायकल. सिस्टरांनी घाबरून हँडल आवळलं, करकचून ब्रेक मारला आणि भोपळ्यासकट करवंदीच्या जाळीत गेल्या.

"डबा वाचला," त्या सांगायच्या, "भोपळा फुटला. आन् माझी अक्कल उघडली."

महिन्याभरात त्यांनी दांडीची सायकल घेतली. लुगड्याला कासोटा घालून नर्सबाई पुरुषांच्या सायकलवर बसते म्हणून गावात बरीच कुजबुज झाली. कुणी वर तक्रारही केली. सिस्टरांचं उत्तर ठरलेलं होतं. "दांडी मला गुडघ्यात धरायला पाहिजे. तुमच्यातल्या कुणाचे गुडघे रिकामे असतील तर या, डबा घेऊन उतरा घाट." कोणी आलं नाही. बाबासाहेबांचा फोटो घरात लावायचा आणि चारचौघांच्या कुजबुजीला भ्यायचं, हे दोन्ही एका घरात राहत नाही, असंही त्या म्हणायच्या.

आता माझ्याबद्दल थोडं. मी मुळातच घट्ट धरणारी बाई. डब्याचं झाकण मी लावलं की नवऱ्याला उघडता येत नाही. मुलगी शाळेच्या सहलीला गेली तर मोबाइल माझ्या हातातून सुटत नाही. अशा बाईने चाळिशीनंतर हौसेने हलकी, महागडी सायकल घेतली आणि रविवारी सायकलवर फिरणाऱ्या मंडळींबरोबर खुलदाबादला जायला सुरुवात केली. चढ जमला. एका रविवारी परतताना दौलताबादच्या घाटात माझ्या हातातलं हँडल एकाएकी थरथरायला लागलं. रस्ता चांगला होता, चाकात हवा होती, तरी सायकल अंगात आल्यासारखी हलत होती. कशी थांबले ते आजही सांगता येत नाही. तशीच पायी घाट उतरले आणि घरी न जाता सरळ सिस्टरांच्या दारात उभी राहिले.

त्यांनी आधी पाणी दिलं, मग हसल्या. नर्स लोकांना दुसऱ्याची भीती पाहून हसायची एक खास परवानगी असते. हसता हसता त्यांनी आपली सायकल अंगणात स्टँडला लावली आणि मला वर बसवलं.

"हँडल आवळलं होतं ना?"

"हो."

"तिथंच चुकलं. ती थरथरली की तू आवळती, तू आवळली की ती अजून थरथरती. तुझी भीती हातातून तिच्यात जाती, मास्तरीणबाई." मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते, म्हणून मी मास्तरीणबाई. "पायडल आडवं ठेव. गुडघे दांडीला दाब. अजून दाब. बूड जरा उचल, नुसतं टेकल्यासारखं ठेव. हात ढिले. नजर चाकावर नाय, लांब. ब्रेक मागचा, हळूहळू. थरथरणाऱ्याला धाक नाय लागत, टेकू लागतो."

अंगणात उभ्या सायकलवर मी गुडघे आवळून बसले होते आणि शेजारची पोरं खिदळत होती. पण पुढच्या रविवारी मी घाट उतरले.

मग सिस्टरांचे हात कापायला लागले. आधी उजवा. कपबशी वाजायची. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. ज्या हाताने हजारो पोरांना टोचलं, तो हात आता सुईत दोरा ओवेना. सिस्टर रडल्या नाहीत, पण एके दिवशी सायकल आत नेऊन तिच्यावर चादर टाकली. ती चादर पाहून मलाच रडू आलं.

त्यांचा मुलगा विजय पुण्याला असतो. माणूस लाख सोन्याचा, पण आईच्या बाबतीत घट्ट धरण्यात माझ्याही वरताण. आईला पुण्याला न्यायचं ठरवूनच तो आला. सिस्टर नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी एकच अट घातली. "एकदा घाट उतरंन. मंग तू म्हणशीन तिथं."

"आई, या हातांनी? पडलीस तर?"

"पडले तर तुला न्यायला सोपं. बांधलेलीच असंन."

विजय चिडून बाहेर गेला. सिस्टर माझ्याकडे वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "लई दिवस झाले गं, कुणी मला काय करू दिलं नाय. उचलत्यात, बसवत्यात, भरवत्यात. एकदा वारं लागू दे तोंडाला." त्या आवाजात विनवणी होती. सिस्टरांना विनवणी करताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आमच्या रविवारच्या मंडळींत एकाकडे दोघांनी मिळून चालवायची जोडसायकल आहे. मी ती मागून आणली. पुढे मी, मागे सिस्टर. विजय आपल्या गाडीने मागे येणार, या बोलीवर तो तयार झाला. टेम्पोतून सायकल खुलदाबादला नेली. सिस्टरांनी आधी तिची मान तपासली. ब्रेक मी दाबून धरला, कान त्यांनी लावला. "जमंन," म्हणाल्या.

सुरुवातीचा उतार सुंदर गेला. सिस्टर मागून रस्त्यावरच्या माकडांना नावं ठेवत होत्या. मग वळणावरून वेरूळची बस वर आली आणि मी माझ्या मूळ स्वभावावर गेले. हँडल आवळलं. बस गेली, पण सायकल थरथरायला लागली. एकटीची थरथरते त्याहून कितीतरी जास्त. सगळं शिकलेलं डोक्यातून पुसलं गेलं. आपल्या मागे एक आजारी बाई बसली आहे आणि आपण तिला मारणार, एवढंच मला कळत होतं.

"श्वास सोड," मागून आवाज आला. अगदी शांत. "गुडघे दाब. मी दाबलेत."

मी गुडघे दाबले. तरी हात सुटेनात. तेव्हा सिस्टरांनी आपला एक हात माझ्या पाठीवर ठेवला. तो कापत होता. तो कंप मला कुडत्याच्या आरपार जाणवत होता, पण त्यात जोर नव्हता, ढकलणं नव्हतं, काहीच नव्हतं. नुसता ठेवलेला. "सबूर," त्या म्हणाल्या, "लांब बघ." मी लांब पाहिलं, खाली किल्ला दिसत होता. कधी बोटं सैल पडली कळलं नाही. हँडल हळूहळू शांत झालं. मी मागचा ब्रेक थोडा थोडा दाबत राहिले आणि आम्ही उतरलो.

खाली सीताफळं विकणाऱ्या बायकांपाशी थांबलो तर विजय गाडीतून पळत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने सगळं मागून पाहिलं होतं. त्याने आईचे दोन्ही हात मुठीत गच्च धरले. त्या मुठीत ते आणखीच उडायला लागले.

"नको रे धरू," सिस्टर म्हणाल्या, "घट्ट धरलं की लई कापत्यात. खाली हात दे नुसता."

त्याला तेव्हा ते ऐकू गेलं नाही. तो मलाच बोलत होता, आणि त्याचं बरोबरही होतं. सिस्टरांच्या गालांवर मात्र वारा लागून लाली आली होती. त्यांनी सीताफळांचा भाव केला, दोन फळं हुंगून परत ठेवली आणि निमूटपणे गाडीत जाऊन बसल्या. आठवड्याने त्या पुण्याला गेल्या. चादर काढून सायकल माझ्याकडे ठेवून गेल्या. "मान बघत जा तिची," एवढंच सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात सिस्टर गेल्या. त्याच्या थोडं आधी मी त्यांना भेटायला पुण्याला गेले होते. बोलणं फार कमी झालं होतं. विजयने चहा आणला. मला वाटलं आता हा मनगट पकडून कप तोंडाला लावणार, कारण पडेगावला असताना तो तसंच करायचा आणि निम्मा चहा ओढणीवर जायचा. पण त्याने कप आईच्या हातात दिला. त्या हाताखाली आपला तळवा उघडा ठेवला, दाबला नाही, उचलला नाही. आणि थांबला. कप वाजत वाजत वर गेला.

सिस्टरांनी घोट घेतला आणि माझ्याकडे पाहून भुवया किंचित उंचावल्या. "शिकला," त्या म्हणाल्या.

थोडा चहा सांडला. विजयने तो पुसला नाही. आईचा दुसरा घोट होईपर्यंत त्याचा तळवा तिथेच होता.