लेदरवाले आलेत

ही गोष्ट मी आजवर एकाही माणसाजवळ बोललेले नाही. भाषणात नाही, लिखाणात नाही, अगदी जवळच्या मैत्रिणीकडेसुद्धा नाही. आणि मी गप्प बसणाऱ्यांतली नाही, हे मला ओळखणारं कुणीही सांगेल. आमच्या घरात पेपरच्या आधी पत्रकं वाचली जायची. बाबा लिहायचे, आई घड्या घालायची, मी स्टेशनबाहेर उभी राहून वाटायचे. पुढे मीच लिहायला लागले — जात स्वयंपाकघरातून कशी चालते, आडनाव विचारण्यामागे काय असतं, असं सगळं. जळजळीत लिहिते, म्हणतात. एखादं तुमच्याही हाती पडलं असेल.

म्हणूनच जड जातंय.

जाकिटापासून सुरुवात करते. तिथून सोपं पडेल — पडेल का?

जाकीट संदेशचं. तपकिरी, खऱ्या चामड्याचं, कोपरांवर मऊ पडलेलं. संदेश भाईंदरच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन. राहायला मुर्ध्याला, खाडीच्या अंगाला. त्याच्या बाइकवरून आम्ही तिथूनच पुढे, समुद्राच्या बाजूला डोंगरीकडे जायचो, वारा लागला की तो ते काढून मला द्यायचा. एकदा ते माझ्याकडेच राहिलं. राहिलं कसलं, मी ठेवून घेतलं. कपाटात साड्यांच्या मागे. पावसाळा संपल्यावर काढलं, तर कॉलरभर पांढरी बुरशी.

"तुझ्या कपाटात माझं काही टिकायचं नाही," तो म्हणाला. हसतच म्हणाला.

मग मीरा रोडला बाइकचं सामान विकणाऱ्या एका दुकानात गेलो. चामडं पुसायला इतक्या तऱ्हा असतात? फेस, फवारा, मेण, तेल. संदेश प्रत्येक बाटलीची मागची बाजू वाचत होता, कुणाच्या तरी रक्ताचा रिपोर्ट वाचावा तशी. दुकानदार चमक आणणारं काहीतरी पुढे सरकवत होता, "एकदम शोरूम जैसा लगेगा, बॉस." चमक नको, संदेश म्हणाला, वर थर बसतो नुसता. तेल जास्त झालं तर रंग काळपट होतो. साफ करायचं ते सौम्य हवं, आणि नंतर लावायचं कंडिशनर बिनरंगी. माझी अट एकच होती, ती मी त्याला सांगितली नाही. वास नको. लिंबू नको, लव्हेंडर नको, काही नको. अस्तराला त्याचा वास होता, तो मला जाऊ द्यायचा नव्हता. मी एकेक झाकण उघडून हुंगत होते.

"मॅडम, परफ्यूम की दुकान बाजू में है," दुकानदार म्हणाला.

किती हसलो होतो आम्ही. ते हसणं मला अजून हवं असतं — हे लिहिताना तर फारच.

दुकानाबाहेर पडतानाच ठरलं. रविवारी तो घरी येणार, आणि मी बाबांना सांगणार. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, सांगायचं ते बाबांनाच.

"पेढे आणू?"

"आधीच पेढे? वेडा आहेस का?"

"मग या बाटल्या घेऊन येतो. हात रिकामे असले की मला बोलताच येत नाही."

आता एक सांगायला हवं. संदेश चर्मकार समाजातला. वडील पोस्टात, आजोबा गिरणीत. चामड्याचं काम त्यांच्या घरात कुणी केल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. हे तुम्हाला सांगायची गरज आहे का? आहे. माझ्यामुळे आहे.

रविवारी बेल वाजली. दार मीच उघडलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, ओले विंचरलेले केस, हातात पिशवी, पिशवीतून डोकावणाऱ्या त्या दोन बाटल्या आणि ब्रश. मागून बाबा आले.

"कोण गं?"

या प्रश्नाला किती उत्तरं होती, सांगा ना. मित्र आहे. संदेश आहे. अगदी भित्र्या माणसाला कुरियर आहे असंसुद्धा म्हणता आलं असतं. माझ्या तोंडून काय आलं?

"लेदरवाले आलेत, बाबा. जाकीट साफ करायला."

आलेत. ज्याला कधी 'अरे'शिवाय हाक मारली नाही, त्याला मी अहो-जाहो केलं. कामाला आलेल्या माणसाला एकेरी बोलायचं नाही, हे आमच्या घरचं वळण. त्या वळणाने, मोठ्या आदराने, मी त्याला परकं केलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग चपला काढून आत आला, बाल्कनीजवळ जमिनीवर बसला आणि म्हणाला, "ताई, जुनं सुती कापड मिळेल का?"

ताई.

मी कपाटातलं जाकीट आणि कापड आणून दिलं. हो, दिलं.

"अहो, वर बसा ना," बाबा म्हणाले.

"असू दे काका, इथे उजेड आहे."

त्याने बुरशी बाल्कनीबाहेर झटकली. आतल्या काठावर एक थेंब लावून रंग उतरतोय का पाहिलं. कापड ओलं करून हलक्या हाताने पुसलं, पंख्याखाली सुकत ठेवलं. बाबांनी स्वतः चहा केला, समोर खुर्ची ओढून बसले.

"हात बसलाय तुमचा. घरचंच काम ना?"

"नाही काका. बाटलीवर लिहिलंय तसं करतोय."

बाबांना तो विनय वाटला. कौतुकाने हसले, आत गेले आणि माझं नवं पत्रक घेऊन आले. "आमच्या मुलीने लिहिलंय. तुमच्यासारख्यांनी वाचायला हवं." त्या पत्रकाचा मथळा संदेशने सुचवलेला. प्रूफंही त्यानेच तपासलेली. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं. "वाचतो, काका."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. 'बाबा, गंमत केली हो' — एवढंच. आणि चामडं सुकायला वेळ लागतो, घाई करून चालत नाही. तो सगळा वेळ माझ्या हातात होता. त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, की मी त्याच्याकडे पाहिलं नाही? आता आठवत नाही. आठवतं म्हटलं तर तेही खोटं होईल.

बाबांनी पैसे विचारले. "दिलेत ताईंनी," तो म्हणाला, आणि पिशवी उचलली. जाकीट खुर्चीच्या पाठीवर राहिलं. राहणारच ना? साफ करणारा माणूस गिऱ्हाइकाचं जाकीट घालून जात नाही. स्वतःचं जाकीट माझ्या घरात सोडून तो जिना उतरला. दार मी लावलं.

पुढे फोन केला. त्याने उचलला. जाकीट नेतोस का, विचारलं. "राहू द्या तुमच्याकडे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडण मला चांगलं येतं.

बरीच वर्षं मी स्वतःला एक कारण सांगत आले. बाबा 'नाही' म्हणाले असते तर आमची सगळी पत्रकं रद्दी ठरली असती, मी त्यांना वाचवलं. छान कारण आहे. त्यावरही एक पत्रक होईल. पण ते खरं नाही. खरं फार लहान आहे. दारात मी त्याच्याकडे बाबांच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि मला लाज वाटली. त्याची. लपवायला काहीतरी हवं होतं, तर माझ्या जिभेला सगळ्यात आधी त्याची जात सापडली. शोधावीसुद्धा लागली नाही. आणि बाबांचं म्हणाल, तर त्यांनी कदाचित त्याला मिठी मारली असती. ते मी त्यांनाही करू दिलं नाही.

जाकीट माझ्याकडे आहे. पावसाळा सरला की पुसावंच लागतं. नाही पुसलं तर बुरशी धरते, पुसलं तर अस्तरातून तो थोडा थोडा जातो. यंदा नाक लावलं, तर नुसतं चामडं.

परवा बाबांनी त्यांची जुनी ऑफिसची बॅग काढली, तिला भेगा पडल्यात. म्हणाले, "त्या माणसाचा नंबर आहे का गं? भला माणूस होता."

"हरवला," मी म्हणाले.

"शोध जरा."

"शोधते."

नंबर मला पाठ आहे.